ज्वालामाणूस काय करतो?

"आगीचं मला शिकवू नकोस," बाबांनी लेकीला बजावलं. "उभा जन्म अग्निशमन दलात गेला माझा."

लेकीच्या खेळात एक गडी कमी पडला होता. तिने विचारलं तेव्हा बाबा वरवर कुरकुरले, आतून मात्र हरखून गेले. ती लहान असताना तिने पट मांडला, की नेमका भोंगा वाजायचा आणि डाव अर्धा टाकून हे बंबावर चढायचे. पुढे तिने बोलावणंच सोडलं. आज इतक्या वर्षांनी बोलावलं होतं आणि ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

खेळ सोपा होता. लेक गोष्ट सांगणार, फासे टाकायचे आणि आपल्या पात्राने काय केलं ते प्रत्येकाने बोलायचं. बाबांच्या वाट्याला ज्वालामाणूस आला. हातपाय माणसाचे, बिऱ्हाड मात्र आगीत.

"गुहेच्या मधोमध आग धडधडतेय," लेक आवाज खोल करून म्हणाली. "ज्वालामाणूस काय करतो?"

"विझवतो," बाबा म्हणाले.

ते त्याचं घर आहे, अशी आठवण लेकीने हळूच करून दिली, पण बाबा आता ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी गुहेतली नदी आगीवर वळवली. जादूगार झालेल्या लेकीच्या मैत्रिणीला सामान तिथेच टाकून बाहेर पळायला लावलं. ज्याच्याशी शेवटपर्यंत लढायचं होतं, त्या दुष्ट राजाला तर खांद्यावर घालून मोकळ्या हवेत आणलं आणि वर दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. लेकीने महिनाभर खपून रचलेलं युद्ध चहा निवायच्या आत आटोपलं.

"सगळे सुखरूप," बाबांनी छाती पुढे काढली.

"तू सोडून," लेक म्हणाली. "आगीशिवाय ज्वालामाणूस जगत नाही, बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. हिचा डाव आपण पुन्हा मोडला, आणि या वेळी तर भोंगाही वाजला नव्हता. काहीतरी पुटपुटत ते उठायला लागले.

"बस ना." लेकीने खणातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "एक ठिणगी उरली होती. ही आहे तोवर तू खेळात आहेस."

बाबांचे डोळे भरून आले. ते मुकाट्याने बसले, ज्योतीकडे मायेने बघत राहिले आणि सवयीने त्यांचे गाल फुगले.

लेकीने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तो तिने डाव संपेपर्यंत काढला नाही, आणि बाबांनीही काढ म्हटलं नाही.