हिरव्या सॉसमधला शेपू

देवाने आपल्याला नाक दिलं ते नुसतं श्वास घ्यायला नाही, असं लोथार वेन्नेमुथ यांचं ठाम मत होतं. “फ्रांकफुर्टमध्ये गुन्हे घडतात थोडे, लपतात फार,” ते सांगत, “आणि लपलेले सगळे माझ्या नाकाला सापडतात.” हयात ट्राममधली तिकिटं तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर तिकिटं उरली नाहीत, म्हणून ते माणसं तपासू लागले. त्यांच्या मदतनीस होत्या रोसविताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी. नेमणुकीआधी बाईंना कुणी विचारलं नव्हतं आणि राजीनाम्याची सोय नव्हती.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. त्या दिवशी या शहरात देवाला मानणारे कमी-जास्त असतील, हिरव्या सॉसला मात्र सगळेच मानतात. चुका, अळीव, पार्सली आणि त्यांची आणखी चार भावंडं, सातही ताजी, हाताने बारीक चिरून आंबट सायीत कालवायची. सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. सुक्या पाल्याची जागा फडताळातल्या बाटल्यांत. आणि शेपू? शेपूचं नाव जेवणाच्या टेबलावर काढत नाहीत.

यंदा रोसविताबाईंचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून सुरी सुनेच्या हातात आली. वीबके उत्तरेची, समुद्राकाठची. तिकडे मासळीवर शेपू, बटाट्यावर शेपू, बहुधा बाळाच्या न्हाणातही शेपू. फोल्करशी, या घरच्या मुलाशी, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी लोथारची बहीण आनेग्रेट आत्या तिला ‘फोल्करची पाहुणी’ म्हणत असे. आज सॉस जमला तर चिरण्याचा मान कायमचा वीबकेचा, हे सासूने मनात ठरवलं होतं आणि सुनेने ते ओळखलं होतं. सकाळपासून ती मान वर न करता चिरत होती.

लोथार तळघरातून सफरचंदाच्या वाइनचं मडकं घेऊन जरा उशिरानेच वर आले. प्रार्थना झाली. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थबकले. दातांच्या फटीतून हिरवा, केसासारखा एक धागा ओढून त्यांनी पांढऱ्या रुमालावर ठेवला.

“कुणीही उठायचं नाही,” ते म्हणाले. “शेपू.”

पहिला संशय सुक्या पाल्यावर गेला. फडताळातल्या बाटल्या ओळीने मांडल्या गेल्या आणि रोसविताबाईंनी भिंग धरलं. मरव्याला हुंगून लोथार नुसते हुंकारले. थाइम हुंगताना मात्र अशी शिंक आली की मेणबत्ती विझली. सुक्या शेपूची बाटली घरात नव्हतीच. “नाही, म्हणजे लपवली आहे,” त्यांनी निष्कर्ष काढला. मग संशय पाला विकणाऱ्या बाईवर गेला. तिच्या भाच्याला त्यांनी एकदा बिनतिकीट पकडलं होतं, तेव्हा सूड उघड होता. पण बाई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते, म्हणून तिला सोडावं लागलं. मग वारा. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतून शेपू उडून आला असेल, म्हणून बोट ओलं करून हवेत धरलं. खिडकी बंद होती.

एवढ्यात आत्यालाही शेपू लागू लागला. ताट पुढे आलं तेव्हाच आपल्याला शंका आली होती, असं ती म्हणाली. फोल्करने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चव जराशी मागून येते, असं कबूल केलं. रोसविताबाईंनी पुन्हा चाखून पाहिलं. त्यांना नुसता वसंत लागला. पण ईस्टरपर्यंत कुणाला टोचून बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. एवढा लांब उपासकाळ त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“बाटली नाही, बाई भाविक, खिडकी बंद,” लोथार म्हणाले. “उरलं ते माणूस, ज्याच्या रक्तातच शेपू आहे.”

सगळ्यांनी वीबकेकडे पाहिलं. तिने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग हलकेच म्हणाली, “बाबा, तो पुरावा जरा बघू?”

तिने धागा उचलून हुंगला. “हा ताजा नाही. सुकाही नाही. याला व्हिनेगरचा वास येतोय. शेपू घालून मुरवलेल्या काकड्यांच्या बरणीतला आहे हा.”

रोसविताबाई तळघरात गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. झाकण उघडं, काकड्या निम्म्या, आणि वर लोथारचा चष्मा. दुपारपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं लोथार कालच पाद्रीबाबांना मोठ्याने सांगून आले होते.

“मी बरणीची तपासणी करत होतो,” लोथार म्हणाले.

“आतून?” रोसविताबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं. नेम मोडला नाही.

“तरी म्हटलं, वास लोथारच्याच बाजूने येतोय,” असं म्हणत आत्याने सॉससाठी ताट पुढे केलं. फोल्कर बटाटा सोलण्यात फारच गढून गेला. लोथार मात्र ताठ उभे राहिले. आपण सांगितलंच होतं, गुन्हेगार बाहेरचा नाही, घरातलाच आहे, याची त्यांनी सर्वांना आठवण करून दिली.

रोसविताबाईंनी खुर्चीवरचा एप्रन उचलला, झटकला आणि सुनेच्या गळ्यात घातला. “यापुढे दर वर्षी तूच चिरायचं.”

“चिरेन, आई,” वीबके म्हणाली. “पण वाढण्याआधी बाबांनी चूळ भरायची.”

लोथार बेसिनशी गेले. खळखळून चूळ भरली, परत येऊन बसले, सॉस चाखला. निष्कर्ष सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि, त्या घरात पहिल्यांदाच, निष्कर्ष गिळून त्यात दुसरा चमचा घातला.