गहू बंद

समोरच्याचं मन न दुखवता नाही कसं म्हणायचं, हे माझ्याकडून शिकावं. तहसील कचेरीत बावीस वर्षं टेबलावर बसून मी दुसरं केलंय काय? म्हणूनच बायकोला, नजमाला, ऐटीत म्हटलं, "भिकुबाई अक्कांना मी सांगतो. दोन मिनिटांचं काम."

झालं होतं असं, की यंदा शेजारी, अक्का आणि त्यांचे यजमान अभिमन आबा यांच्याकडे, श्रावणातली कानबाई देवी बसणार होती. एरवी ती त्यांच्या गावी, थोरल्या भावाकडे बसायची. आमचा चोपड्यातला आठ वर्षांचा शेजार. दिवाळीचा फराळ इकडे, ईदचा शीरखुर्मा तिकडे. मौलानांना विचारलं, तर म्हणाले, "तडवीसाहेब, शेजाऱ्याने मायेनं दिलेला फराळ खुशाल खा. देवापुढे ठेवलेलं मात्र आपल्याला चालत नाही. गोडीत सांगा, माणसं समजून घेतात." आता कानबाईचे गव्हाचे रोट म्हणजे देवीचाच प्रसाद. ते आणून देणार अक्का, आणि आठ वर्षांत त्यांच्या हातचं काही मी परत पाठवलेलं नाही. त्या दुखावल्या तर? मला जेवण जाईना.

रविवारी सकाळीच गेलो. अक्का चुलीपुढे घामाघूम होऊन खापरावर मांडे भाजत होत्या. सगळ्या घरात पुरणाचा वास.

"बरं झालं आलात, शब्बीरभाऊ. मीच येणार होते. तुम्हाला एक सांगायचं शे."

आता रोटाचं निघणार! बावीस वर्षांचा अनुभव कुठे पळाला कोण जाणे. तोंडातून निघालं, "अक्का, डॉक्टरांनी माझा गहू बंद केलाय."

"अगं बाई. काय व्हयनं?"

"पोट."

एवढंच सुचलं. घरी येऊन सांगितलं, तर नजमाने कपाळावर हात मारून घेतला.

दुपारी आबा आले. "डॉक्टर कोणता? माझ्या साडूचंही पोटापासूनच सुरू झालं होतं. तीन महिन्यांत आटोपला." जाताना त्यांनी जळगावच्या मोठ्या डॉक्टरकडे माझा नंबर लावून टाकला. पाठोपाठ अक्कांकडून ज्वारीच्या कण्या आल्या, बिनमिठाच्या. शेजारी पंगत बसली होती आणि मी कण्या गिळत होतो. इतका हताश मी बदलीच्या ऑर्डरीनेही झालो नव्हतो.

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून अक्का थेट आमच्या ओट्यावर आल्या. चेहरा पार सुकलेला.

"भाऊ, देवीला बोलले मी. तुम्ही बरे होऊन गहू खाल, त्याच दिवशी मी खाईन. काल मांड्याला हात नाही लावला."

सत्तरीची बाई माझ्या थापेपायी सणाला उपाशी! नजमा दारातून म्हणाली, "सांगता का मी सांगू?"

सांगितलं. पोट ठणठणीत आहे, डॉक्टर नाही, काही नाही. देवापुढचं आम्हाला चालत नाही, रोटाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून खोटं बोललो. मान वर करायची लाज वाटत होती.

"रोट तुम्हाला कोण देत होतं?" अक्का म्हणाल्या. "ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा देता येत नाही. ते तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून मीच आठ दिवस घोर करत होते."

"मग ते मांडे?"

"ते तुमचे. पूजेच्या सैपाकाआधी, वेगळ्या चुलीवर केले. देवीपुढे नेलेच नाहीत. आबांनी शुक्रवारी मौलानांना विचारून घेतलं होतं." अक्कांनी पदराने डोळे पुसले. "मला एकदा विचारायचं तरी, भाऊ."

मग त्या दाराकडे वळल्या.

"नजमा, पोळी शे का घरात?"

सकाळची एक होती, वातड झालेली. मी अर्धी खाल्ली. मग अक्कांनी अर्धी खाल्ली, पाणी प्यायल्या आणि उठल्या.

शहाण्या माणसाने तिथे गप्प बसावं. मी विचारलं, "अक्का, ते मांडे आता..."

"गहू बंद म्हणालात ना? गाईला घातले."

"किती होते?"

"अकरा."

नजमा आत निघून गेली. आज गुरुवार आहे. अजून बोलत नाही.