मॅरियनबाईंनी हात लावला

इंग्लंडमधल्या लिटल हॅदरली गावच्या चर्चपाशी गाडी लावताना फिलिपाने आईला निक्षून सांगितलं, "आई, आज फक्त बघायचं. कुठल्याही झाडाला हात लावलास तर पुढच्या वर्षी तुला आणणार नाही."

"मी काय लहान आहे? हे बघ, हात खिशात."

गेल्या वर्षी मॅरियनबाईंनी एका निवृत्त कर्नलचा लव्हेंडर न विचारता छाटून दिला होता. कर्नल अजून सावरलेले नाहीत. पण जूनमधल्या या एका रविवारी अख्खं गाव आपल्या बागांची फाटकं परक्यांसाठी उघडतं, आणि मॅरियनबाई वर्षभर त्याच दिवसावर जगतात. तो हुकला तर उरलं काय?

तीन बागा हात खिशातच राहिले. चौथीने घात केला.

भिंतभर गुलाब, त्यांच्या पायाशी निळे उंच तुरे, आणि कुठलं झाड मुद्दाम लावलंय असं वाटूच नये इतकं सगळं सहज. मॅरियनबाईंना खोड काढायला जागाच सापडेना. जिने हे केलं त्या बाईच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी. फक्त सगळ्यात सुंदर गुलाबाच्या गळ्याभोवती एक रानवेल आवळत चालली होती.

"मॅरियन, नको," नवरा डेनिस म्हणाला.

"एवढी एकच."

डेनिस मुकाट्याने पाहुण्यांसाठी मांडलेल्या चहा-केकच्या टेबलाकडे गेला. चाळीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता.

एकीची मुळं दुसरीत निघाली, दुसरीची तिसरीत. बाई गुडघ्यांवर बसल्या, कोपरापर्यंत माती. तेवढ्यात मागून बाग बघायला आलेल्या एका बाईचा आवाज आला, "फार सुंदर ठेवलीय हो बाग."

"अहो, यात माझं काहीच नाही."

"किती हा विनय," ती बाई मैत्रिणीला म्हणाली.

"खरंच सांगते, बाग माझी नाहीच."

"खरंय. बाग शेवटी देवाचीच," मैत्रीण सुस्कारली.

आता या देशात स्तुती झाली की नाकारायची असते, त्यामुळे बाई जितकं खरं बोलत तितका त्यांचा मान वाढत गेला. मग कुणी गुलाबाचं नाव विचारलं. ठाऊक असलेलं नाव दाबून ठेवणं मॅरियनबाईंच्या रक्तात नव्हतं. बघता बघता दहा-बारा जणांचा घोळका झाला. मागे एक उंच, सुकलेले गृहस्थ कप हातात धरून मन लावून ऐकत होते.

"आई!"

फिलिपा आली होती. मॅरियनबाई धडपडत उठल्या. "मंडळी, मी इथली नाही. मीही बघायलाच आलेय."

"हो," मागचे गृहस्थ हळूच म्हणाले. "बाग माझी आहे."

सगळे एकदम आकाशाकडे बघू लागले. ऊन छान पडलंय, असं कुणीतरी म्हणालं.

"माफ करा," फिलिपाचा चेहरा लाल झाला. "हिला मी लगेच घेऊन जाते. पुन्हा आणणार नाही."

"नका हो नेऊ." गृहस्थांनी कप खाली ठेवला. "बाग माझ्या बायकोची. ती जाऊन वर्ष झालं. तिच्यासाठी फाटक उघडलं खरं, पण सकाळपासून जो तो मला फुलांची नावं विचारतोय, आणि मी आपला 'लाल', 'पिवळं' असं सांगत सुटलोय."