मगदूम सरांचा पावणा

मगदूम सरांनी एका सकाळी आपल्या फाटकाची कडी स्क्रू फिरवून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग बेलचं बटण काढलं. फाटक आतून तारेनं आवळून टाकलं. मी समोरच्या माझ्या फाटकात उभा राहून हा सोहळा बघत होतो.

"सर, घर विकायला काढलं काय?"

"धरायला काय ठेवायचंच न्हाय," सर म्हणाले. "हात घालायला जागाच नसली तर आत येतोय कसा?"

कोण, हे विचारायची गरज नव्हती. करोनाची दुसरी लाट कोल्हापुरात शिरली होती. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका वळली की घराघरांतले टीव्ही मुके व्हायचे आणि ती कुणाच्या दारात थांबते, हे पडद्याआडून बघितलं जायचं.

मगदूम सर म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वर्गात, सभेत, लग्नाच्या पंगतीत ते छापल्यासारखं मराठी बोलायचे. पण घाबरले की ते मराठी धोतरासारखं सुटायचं. एका सत्कारात त्यांच्या खांद्यावर पाल पडली, तेव्हा "उपस्थित मान्यवरहो" असं सुरू झालेलं वाक्य "आयला, काढा की हिला कोणतरी!" असं संपलं होतं. सरांची भीती किती, हे आम्ही त्यांच्या भाषेवरून मोजायचो. त्या दिवसांत त्यांच्या तोंडून एकही शुद्ध वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही.

सरांचं घर जैन. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळला की खाणंपिणं बंद; आलं तेवढं चालायचं. त्यामुळे साथ आली तेव्हा काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, वेगळीच काळजी पडली. साबणानं हात धुताना तो मरतो, मग हिंसेचं पाप लागतंय काय?

सरांनी निकाल दिला, "बाहेर असतोय तवर त्यो जीव न्हवं. नुसती फर्माईश हाय, 'माझ्यासारखं आणखी करा' म्हणणारी, चरबीच्या पिशवीत बांधलेली. साबणानं पिशवी फाटती. पाप न्हाय."

फर्माईश हा शब्द गल्लीला फार आवडला. मग काय, रोज संध्याकाळी सर वर्तमानपत्राचा भोंगा करून अंगणातून व्याख्यान द्यायचे आणि आम्ही आपापल्या फाटकांतून, गच्च्यांवरून ऐकायचो. करमणूक म्हणून जमायचो आणि घाम फुटून घरात जायचो.

"ह्या पावण्याकडं चूल न्हाय, पीठ न्हाय, आचारी न्हाय! आपल्या पेशीला बाहेरनं एक कडी असती. रक्तदाब सांभाळायला आपणच बसवलेली. हे बेनं तीच कडी धरतंय." सरांना रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यामुळे कडी म्हणताना त्यांचा हात खिशातल्या कडीवर जायचा. "धरली कडी. पुढं? दारात आपलीच कात्री पडलेली असती. ती त्याच्या अंगावरची गाठ कापून देती, की पावणा आत!"

शिंदेवहिनींनी गच्चीवरून विचारलं, "मग आतली माणसं काय झोपलेली असत्यात व्हय?"

"झोपत्यात कशाला? कामाला लागत्यात! आचाऱ्याच्या हातात फर्माईश पडली की त्यो विचारत न्हाय कुणाची. पेटली चूल! पीठ आपलं, गॅस आपला. आत काय शिजतंय ते घराला दिसू नये म्हणून आडोसा करतोय, त्याला चादरीबी आपल्याच! आणि एकाचे शेकडो होऊन निघालं की हरेक जण आपल्याच घरातली शाल पांघरून शेजारच्या दारात!"

"आपलीच शाल?" मी म्हटलं.

"आपलीच. सत्कार करून पाठवतोय आपण त्येला!"

मी हसलो. गल्लीत दुसरं कुणी हसलं नाही. चोर बाहेरून येतो, हे आपण धरून चालतो. आपल्याच कडीनं, आपल्याच कात्रीनं तो येतो आणि आपलीच चूल राबवतो, हे ऐकल्यावर मी त्या रात्री माझ्या हाताकडे संशयानं बघितलं.

सरांनी मग पावणं या शब्दावरच बंदी घातली. कोल्हापुरात हे म्हणजे भलतंच. आम्ही पत्ता विचारणाऱ्याला पावणं म्हणतो, भांडणात गचांडी धरलेल्यालाही पावणं म्हणतो. पण कुणी "ओ पावणं, भाजी घेणार काय?" अशी हाळी दिली की सर आतून ओरडायचे, "पावणं म्हणायचं न्हाय!" मी अर्थातच दिवसातून एकदा तरी "सर, पावणं आल्यात!" म्हणून बघायचो. भोंगा माझ्या अंगणात येऊन पडायचा.

आणि हे कुणाच्या घरात? काकूंच्या! काकू कबनूरच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या. मीटर बघायला आलेल्यालाही त्या "चहा घेणार का?" असं विचारत नसत. "साखर किती?" एवढंच विचारत.

एकदा सर भोंगा न लावता फाटकाशी आले आणि हळूच म्हणाले, "पेशी वाईट नसती हो. भोळी असती. आमच्या हिच्यासारखी. कोण मागाय आलं की चूल पेटवायची, एवढंच तिला ठावं."

तेव्हा मला कळलं, की ही सगळी व्याख्यानं कुणाच्या काळजीपोटी होती.

पुढच्याच आठवड्यात काकूंना ताप आला. त्या घरातून बाहेर पडणारे एकटे सर. तेही रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलेले. त्यांना जरासा खोकला येऊन गेला होता, बाकी काही नाही. "मीच आणला," तारेच्या आतून ते मला म्हणाले. "कडी काढून खिशात घातली आणि पावण्याला शर्टावर बसवून घरात नेलं मी."

काकूंना रस्त्याकडच्या खोलीत वेगळं ठेवलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ऑक्सिजन अजून ठीक आहे, पण पोटात काही गेलं पाहिजे. नाहीतर दवाखाना शोधा. दवाखान्यात जागा कुठं होती? आणि काकू तर परवापासून पाण्याच्या दोन घोटांवर होत्या. वर त्यांचा नेम. मावळतीनंतर थेंबही नाही.

त्या संध्याकाळी सर खिडकीबाहेर ताटली घेऊन उभे होते. मी माझ्या फाटकात. ऊन शिंदेवहिनींच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन टेकलं होतं.

"अगं, खिचडी?"

"नको."

"पेज? साखर घालून?"

"काय नको हो."

"बुडाय लागला की दिवस! आजारात चालतंय, थोडं उशिरा..."

"न्हाय चालत."

सरांनी ताटली खाली ठेवली. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. ज्या माणसानं कशालाही हात लावणं सोडलं होतं, त्यानं.

"फर्माईश तर कर की गं," ते म्हणाले. "जन्मभर सगळ्यांच्या केल्यास. एक तुझी कर. मला चूल पेटवू दे."

मग आतून बारीक आवाज आला, "चहा. आलं घालून."

सर पळाले. पाठोपाठ आवाज, "दोन कप टाका."

"दुसरा कुणाला? मी पीत न्हाय!"

"समोर कवाधरनं उभारल्यात न्हवं ते. पावणं ताटकळत ठिवायचं व्हय?"

स्वयंपाकघरात भांडी पडली. "आलं कुठं असतंय?" "साखरंचा डबा कंचा?" काकू खोलीतून सांगत होत्या, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा आवाज थोडा चढत होता. टाकीवरचं ऊन काठावर आलं, तेव्हा खिडकीत कप गेला. मग गल्लीभर ऐकू जाईल असा एक भुरका.

सर दुसरा कप घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी आले. कप वर ठेवला आणि मागं सरकले. त्या घरात आजार होता, आणि कप त्याच घरातला. शिंदेवहिनींच्या पडद्यामागं हालचाल झाली. मी माझ्या फाटकाची कडी धरून तिथंच थांबलो.

"उकळलाय चांगला. कप साबणानं धुतलाय," सर म्हणाले. मग, खाली बघत, "घ्या पावणं. गार व्हतोय."

मी रस्ता ओलांडून कप उचलला. चहात साखर नव्हतीच. आलं मात्र इतकं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आल्यानंच आलं, असं मी काकूंना अजूनही सांगतो. त्या हसतात आणि सरांना आत पिटाळतात, पावण्यांना आणखी एक कप आणा म्हणून.