बाज्याला कल्हई

निजामाच्या अख्ख्या राज्यात बिघडलेली अशी एकही वस्तू नसेल, की जिला दुरुस्त करणारा माणूस मला ठाऊक नाही! मी गेवराईच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. सुतार, लोहार, तांबट, शिकलगार, सगळ्यांचे अर्ज माझ्याच हातून पुढे सरकतात. कोणाचा हात कसा चालतो हे मला बसल्या जागी कळतं. निदान त्या अधिक महिन्यापर्यंत माझी तशी पक्की समजूत होती.

अधिक महिना म्हणजे जावयांचं राज्य! सासरे बोलावणं धाडतात, सासूबाई पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात, आणि महिनाभर जावयाला उलटून बोलायचं नाही, त्याचा शब्द मोडायचा नाही. तो साक्षात विष्णू! एरवी कचेरीत पेशकारापासून चपराशापर्यंत सगळे मला विष्णू सोडून बाकी सगळं म्हणतात. त्यामुळे बोलावणं येताच रजेचा अर्ज टाकला, बायकोला छकड्यात बसवलं आणि थेट उमापूर गाठलं.

पहिल्याच दिवशी पानात बासुंदी! अशी दाट, की वाटी उलटी केली तरी तिनं विचार करूनच खाली यावं. ही सगळी चंद्रीची कृपा. चंद्री म्हणजे सासूबाईंची म्हैस. सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, तिला एवढीशी पारडी असल्यापासून वाढवलेली. पण यंदा तिचं पारडू गेलं आणि ती पान्हा चोरायला लागली. आंबोण घाला, पाठ थोपटा, देवाला नारळ बोला, थेंब सोडील तर शपथ!

तिला वाचवलं माझ्या मेव्हण्यानं. मोहनराव जर्मनच्या लढाईत पार बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. येताना तिथल्या बाजारातून तोंडानं वाजवायचा एक जर्मन बाजा घेऊन आले. वीतभर लांब, भोकंभोकं असलेला. एका संध्याकाळी ते गोठ्यात बसून सहज वाजवत होते, तर चंद्रीनं डोळे मिटले, कान सैल सोडले आणि घळाघळा पान्हा सोडला! तेव्हापासून दोन्ही वेळेला मोहनराव बाजा वाजवणार, सासूबाई धार काढणार आणि घरादाराला दूध मिळणार, असा रिवाजच पडला.

मी बासुंदीची तिसरी वाटी पुढे करतोय, तोच गोठ्यात धाडकन आवाज झाला. पाठोपाठ मोहनराव आत आले. धोतर दुधानं भिजलेलं.

"बाज्याचे दोन सूर बसले," ते म्हणाले. "चाल मधीच तुटती, अन् चाल तुटली की चंद्री लात मारती!"

"आता गं बाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "धार न्हाई निघाली तर आटंल की ती!"

माझे सासरे सुंदरराव फार कमी बोलतात आणि बोलले की ते कोणाला आवडत नाही. ते म्हणाले, "आटली तर बाजार दाखवायचा. भाकड म्हैस कोण पोसणार?"

सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला खरोखर वाईट वाटलं. बासुंदीचंही वाटलं, खोटं कशाला बोलू!

"द्या तो बाजा इकडं!" मी मांडीवर थाप मारली. "त्यात काय एवढं? गेवराईत नाही झाला तर बीडला नेतो, बीडला नाही तर जालन्याला, तिथं नाही तर हैदराबादला! अगदीच वेळ आली तर जर्मनीला धाडीन. कारागीर शोधावा तो पंडितरावानं!"

मोहनरावांनी बाजा छातीशी धरला. "दाजी, लई नाजूक हाय हो तो. राहू द्या..."

"मोहन!" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "अधिक महिना हाय!"

झालं. मोहनरावांनी बाजा माझ्या हातावर ठेवला. लेक सासरी धाडताना बापाचं जसं तोंड होतं, तसं त्यांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी छकडा घेऊन गेवराईला आलो आणि सरळ रामहरीबुवांकडं गेलो. भजना-कीर्तनाच्या पेट्या दुरुस्त कराव्यात त्या बुवांनीच. त्यांनी बाजा खालीवर पाहिला, खिळे काढले, आतल्या पितळी पट्ट्या न्याहाळल्या, परत बसवल्या. "झकास चीज हाय!" म्हणत त्यांनी तो ओठांजवळ नेला आणि तिथंच थांबले.

"कोणाच्या तोंडातला हाय?"

"मेव्हण्याच्या."

"म्हंजी उष्टा?"

"आता बाजा म्हटल्यावर थोडासा..."

"पंडितराव, मी माळकरी माणूस! दुसऱ्याच्या उष्ट्या तांब्यातलं पाणी पीत न्हाई, अन् उष्टा सूर कसा तोंडात घेऊ?"

"मग दुरुस्त कसा करणार?"

"वाजवल्याबिगर कोणता सूर बसलाय ते कसं कळावं? तुमी वाजवा, मी ऐकतो."

मी दम भरून फुंकलं. बुवांनी कान झाकले.

"अरारारा! दोन कावून म्हणता? सगळेच बसलेत की!"

"नाही बुवा, ते माझं वाजवणं तसं आहे."

बुवा विचारात पडले. "पेटीला कसा भाता असतो! तसा ह्याला भाता असता तर तोंडाचं कामच पडलं नसतं."

भाता! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेवराईत भात्याला काय तोटा? बुवांना घेऊन मी निघालो तो थेट आप्पा लोहाराच्या भट्टीवर! आप्पा माझ्याबरोबर लहानाचा मोठा झालेला. त्याला सगळं समजावून सांगितलं.

"एवढंच ना बे?" आप्पा म्हणाला. "माझा भाता लोखंड पातळ करतो. ह्याचे दोन सूर म्हंजी काय!"

त्यानं भात्याच्या नळीला ओली चिंधी गुंडाळली, तिच्यावर बाजा घट्ट दाबला आणि साखळी ओढली. एक सूर ऐकायचा होता, पण सगळे एकदम बाहेर पडले! नाल ठोकायला आणलेला बैल दावं तोडून पळाला. समोरच्या घरातली म्हातारी चूल सोडून बाहेर आली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली. कचेरीतला चपराशी धावत आला. त्याला वाटलं, सुभेदारसाहेबांची मोटार आली!

"कळला का कोणता बसलाय?" मी बुवांना ओरडून विचारलं.

"अजून एकदा!" बुवा म्हणाले.

आप्पानं आणखी जोर लावला. नळीत साठलेली सगळी राख बाज्यात गेली. आवाज बंद झाला आणि भोकांतून काळा धूर निघाला.

"आतून साफ झाला बघ!" आप्पा समाधानानं म्हणाला.

बुवांनी उपरणं नाकाला लावलं. "आता तर मी ह्याला हातबी लावणार न्हाई. घासूनपुसून, शुद्ध करून आणा. मग बघू."

उमापूरला परत आलो तेव्हा पानात बासुंदीच्या जागी ताक होतं. म्हशीनं दोन्ही वेळेला लाथच मारली होती. माझी बायको जानकी वाढता वाढता हळूच म्हणाली, "आवं, बाजा झाला का?"

"निम्मा झाला. आता फक्त शुद्धी राहिलीय."

"कावून? बाटला होता का काय?"

मी ताक प्यायलो. दुसरं काय करणार?

सकाळी मोहनराव शेतावर गेले आणि सासूबाईंनी बाजा घासायला घेतला. मी खिळे काढून पितळी पट्ट्या सुट्या करून दिल्या. चिंच लावली, राख लावली, पट्ट्या सोन्यासारख्या चमकल्या. त्या हातात धरून सासूबाई मात्र गंभीर झाल्या.

"जावईबापू, पितळ हाय की हे!"

"असणारच मामी. जर्मन पितळ!"

"अन् कल्हई न्हाई?"

मी पट्ट्या निरखून पाहिल्या. खरंच, कल्हईचा मागमूस नव्हता!

"बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तरी कळकतं," सासूबाई म्हणाल्या. "अन् हे तर रोज तोंडात जायाचं! सूर बसंल न्हाई तर काय व्हईल?"

काय सांगू वाचकहो, मला इतकं पटलं! दोन सुरांचं कोडं एका क्षणात सुटलं. सूर बसले नव्हते, कळकले होते! जर्मन लोक हुशार असतील, तोफा करत असतील, पण कल्हई विसरले! आणि देवाची करणी बघा, तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "कल्हईऽऽवाला!"

"मामी, बोलवा त्याला!" मी ओसरीवरून उडीच मारली.

दस्तगीरमियांनी अंगणात खड्डा करून भट्टी मांडली. आधी घागरी, मग पराती आणि मग आमच्या पट्ट्या.

"ये क्या चीज है जावईसाब?"

"बाजा आहे. तोंडानं वाजवायचा."

"मूँ में जाता क्या? फिर तो कल्हई होनाच!"

म्हणजे त्यांचंही तेच मत! पट्ट्या तापवल्या, नवसागराचा धूर निघाला, कथलाची कांडी फिरली, कापसाचा बोळा फिरला आणि पाण्यात चर्रर्र! आहाहा! आतबाहेर चांदी! शेजारच्या बायका बघायला आल्या. मी पट्ट्या लाकडी पेटीत बसवल्या, खिळे ठोकले आणि खुशाल पानसुपारी खात मोहनरावांची वाट बघत बसलो.

दिवस कलताना सगळं घर गोठ्यात जमलं. मोहनरावांनी बाजा पाहिला आणि ते थबकले. "हा एवढा चमकतो कावून?"

"वाजवा तर खरं!" मी म्हणालो.

त्यांनी ओठाला लावून फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण एक सूर उमटेना! मोहनरावांनी बाजा उजेडाकडं धरला. पट्ट्यांवरच्या, सूर काढणाऱ्या एकूणएक पात्या कथलानं जागच्या जागी चिकटून गेल्या होत्या. दोन बसलेल्या सुरांच्या जोडीला आता सगळेच बसले होते, ते कायमचे.

मोहनरावांनी बाजा धोतराच्या सोग्यात गुंडाळला. बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस, पण तान्हं पोर धरावं तसा तो बाजा धरून उभा राहिला. चंद्रीनं आमच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली.

"उद्या बाजार हाय," सासरे म्हणाले. "पहाटंच नेतो तिला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला कोणीच काही बोलेना! अधिक महिना ना! सासूबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "जावईबापू, चहा घ्याल का?" चहा आला. काळाकुट्ट! एखादी शिवी परवडली असती.

मी ओसरीवर तो काळा चहा पुढे घेऊन बसलो होतो. सासूबाई रिकामी चरवी घेऊन चंद्रीला शेवटचं भेटायला गोठ्यात गेल्या. तिच्या मानेवरून हात फिरवत बसल्या. माणसापुढं बोलायची बंदी होती, म्हशीपुढं थोडीच होती?

"चंद्रे, बाई माझे," त्या अगदी हळू, जात्यावर बसल्यासारख्या लयीत बोलू लागल्या, "काय गं ही धोंड आली आपल्या घरी! म्हणे कारागीर शोधतो! अगं, ह्याला सोताचं पागोटं सापडत न्हाई! गेल्या दिवाळीला मोटंचा नाडा दुरुस्त केला, तर मोटच गेली हिरीत! लग्नात घोड्यावर बसाया सांगितलं, तर उलट्या तोंडानं बसला! जर्मनीला धाडतो म्हणं बाजा! त्यापरीस ह्यालाच धाडा गं कोणी जर्मनीला! खातो बघ कसा, बासुंदीच्या तीन तीन वाट्या..."

जानकी तोंडाला पदर लावून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती रडते की हसते ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि एकाएकी गोठ्यातून आवाज आला. सर्रर्र! सर्रर्र!

आम्ही धावलो. चंद्रीचे डोळे मिटलेले, कान सैल, सासूबाईंचे हात सवयीनं कासेला गेलेले, आणि चरवीत दुधाची धार फेसाळत होती!

आम्हाला बघून सासूबाई लाजून गप्प झाल्या. त्याबरोबर चंद्रीनं पाय उचलला.

"बोला, मामी, बोला!" मी हात जोडून ओरडलो. "थांबू नका!"

"अवं पर, जावईबापू, अधिक महिना..."

"मीच हुकूम देतो! जावयाचा शब्द मोडायचा नाही!"

मग काय विचारता! सासूबाईंनी जी सुरुवात केली, ती चरवी भरून वाहीपर्यंत थांबल्या नाहीत. मधे दम लागला तेव्हा मोहनरावांनी हातभार लावला. कधी नव्हे ते सासरेही गोठ्याच्या दारात उभं राहून सलग बोलले! बाजाराचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

पुढं मोहनराव तो बाजा घेऊन रामहरीबुवांकडं गेले. बुवांनी बघताक्षणी सांगितलं, "हा बाजा संपला. पर कल्हई लाजवाब हाय! कोणाकडून करून घेतली?" बाजा आता उमापूरला कोनाड्यात असतो आणि सासूबाई पाहुण्यांना तो चांदीचा म्हणून दाखवतात.

चंद्री अजून दूध देते. दोन्ही वेळेला सासूबाई तिच्याजवळ बसून माझ्या नावानं चांगभलं करतात. सासरी गेलो की बासुंदी मिळते, आणि ती कशावर निघालीय हे माहीत असूनही मी आवडीनं खातो. चव कुठंच बिघडत नाही हो!

आता तर अधिक महिन्याची वाटही बघावी लागत नाही. मधूनच उमापूरचा गडी कचेरीच्या दारात येऊन उभा राहतो आणि सगळ्या अहलकारांच्या देखत निरोप सांगतो, "जावईबापूंना दोन दिस धाडा म्हणत्यात. म्हशीला जुन्या गोष्टी पाठ झाल्यात, नव्या पायजेत!"