सज्ज्यावरील हाताची हकीकत

वडील माणसांस मान देऊन आणि टीव्हीच्या रिमोटास दुरून मुजरा करून ही हकीकत लिहिली जाते. एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाची उत्तम प्रत कोणती, या मसलतीत आमच्या घरी रविवारी दुपारी जे रण माजले, त्यात दोन डिस्क, एक कात्री आणि छप्पन्न वर्षांचा संशय कामी आला. पाहणारे हयात आहेत तोवर कागदावर आणिलेले बरे, नाही तर जो तो पुढे आपलीच फुशारकी मारील, आणि जावईबापू तर मारूच लागले आहेत.

मूळ कारण ऐसे जे, आत्याबाईसाहेब, ज्यांची हयात शिवणयंत्रावर गेली, त्या एकोणिसाव्या वर्षी या चित्रपटाच्या शूटिंगास उभ्या राहिल्या. वाऱ्याने नायकाची टोपी उडते आणि पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर पडते, मग एक मुलगी वाकून ती खाली देते. ती मुलगी आपण, हा त्यांचा दावा. चित्रपट तेव्हा आठवड्यात थिएटरातून उतरला, घरातील कोणी पाहिला नाही, आणि थोरले बंधू खासे दादासाहेब यांनी ती थाप ठरविली. पुढे फार उशिरा जाणकारांनी चित्रपटास थोर म्हटले आणि पाच वर्षांमागे तो टीव्हीवर आला, तो पडद्यावर वरून नुसता हात यावा, टोपी द्यावी आणि निघून जावे. मुलगी कोठेच नाही! दादासाहेबांस आयतेच फावले. हात कोणाचाही असेल, उद्या मी म्हणेन टोपी माझी, ऐसे ते चारचौघांत बोलत. हेही आत्याबाईंनी सोसले, परंतु गेल्या महिन्यात सहा वर्षांच्या नातीने त्यांस 'हातआजी' म्हणून हाक मारिली, आणि त्यांच्या काळजास घरे पडली. पंचाहत्तरावा वाढदिवस तोंडावर आला होता, सगळा गोतावळा जमणार होता, आणि त्या नावाने उभा जन्म ओळखला जाणार हे दिसू लागले. मग हुकूम सुटला की, ज्या प्रतीत माझे तोंड दिसेल ती प्रत पैदा करावी.

मोहिमेचा विडा जावईबापूंनी उचलिला. हे दादासाहेबांचे जामात, चित्रपटांचे मोठे दर्दी. चहा निवला तरी बोलणे निवत नाही. त्यांनी चार रात्री नव्हे, चार आठवडे मोबाइलावर खल केला, एका प्रतीशी दुसरी ताडून नायकाच्या मिशीचा केस न केस तपासला, आणि झळाळत्या डबीतील नवी, धुऊनपुसून लख्ख केलेली प्रत आणिली. रविवारी दुपारी पडदे ओढून सरदार मंडळी सोफ्यावर बसली, मिशी खरोखरच अप्रतिम दिसली, टोपी उडाली, आणि वरून आला तो हातच. डबीच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिले होते की, रुंद पडद्यासाठी चित्र वरून आणि खालून कमी केले आहे. इतकी मिशी मोजणाऱ्या गृहस्थांनी ते वाचिलेच नव्हते. जावईबापू पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ तिकडेच राहिले.

मग दादासाहेबांच्या सूनबाईंची कुमक आली. त्या ग्रंथालयात कामास. तेथील मागच्या कपाटातून त्यांनी एक जुनाट डिस्क आणिली, जिची डबी तडकलेली, चित्रावर ओरखडे, आणि आवाज ऐसा की कोणी मागे भजी तळीत आहे. परंतु डबीवर स्वच्छ लिहिले होते की, चित्र संपूर्ण, कोठे कापलेले नाही. सर्वांच्या माना पुढे जाहल्या, टोपी उडाली, आणि पुन्हा हातच आला! दादासाहेब पोट धरून हसले. आत्याबाईंस फार वाईट वाटले. त्या उठल्या, पदर सावरला, आणि जाता जाता त्यांची नजर पडद्यावर गेली, तेथे नायक टोपी डोक्यावर ठेवीत होता. त्या थबकल्या आणि तेवढा भाग पुन्हा लावविला.

"टोपीसाठी एवढा सीन केला, आणि घातल्यावर टोपीच दिसत नाही?" त्या म्हणाल्या. "मी जन्मभर कापड कापलंय. हे कोणीतरी कापलंय."

डिस्क निर्दोष, मग कापणारा घरातलाच, ऐसे ठरले आणि सर्वांच्या नजरा रिमोटाकडे वळल्या. तो प्लास्टिकच्या पिशवीत बंदिस्त, आणि त्याच्या एका बटणावर चिकटपट्टीचे तीन वेढे. दादासाहेब खोकले. मग कैफियत रुजू जाहली की, सात वर्षांमागे हा टीव्ही आला, जुन्या चित्रांच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे येत, ते त्यांच्या डोळ्यांस खुपले, म्हणून त्यांनी हेच बटण दाबून चित्र फुगविले, पडदा काठोकाठ भरला, आणि कोणी हात लावू नये म्हणून वर पट्टी मारिली. चित्र फुगले ते माथ्यावरून आणि पायांखालून बाहेर गेले. जुन्या नटांची कपाळे या घरी सात वर्षे कोणी पाहिली नव्हती. त्या काळी माणसांस कपाळे लहानच असत, ऐसा दादासाहेबांचा पक्का ग्रह होता.

आत्याबाईंनी कात्री मागविली, शिवण उसवावी तशी पट्टी काढिली आणि बटण दाबिले. दोन्ही बाजूंस काळे पट्टे उभे राहिले, चित्रातील भिंतीच्या माथ्यावर आकाश आले, टोपी उडाली, आणि सज्ज्यावरून वाकून, दोन वेण्या लोंबवीत, थेट कॅमेऱ्यात पाहून हसणारी मुलगी दिसली. नातीने पडद्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि नाक तेच म्हणून जाहीर केले.

दादासाहेब मात्र चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. ते उठून टीव्हीपाशी गेले.

"हा माझा चौकड्यांचा शर्ट आहे."

"उसना घेतला होता."

"विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर दिला असतास?"

हाच शर्ट गहाळ केला म्हणून दादासाहेबांनी त्या वेळच्या इस्त्रीवाल्याशी बोलणे टाकिले होते, ते त्या बिचाऱ्याच्या अखेरपर्यंत. मग दादासाहेब, ती तूच आहेस, ऐसे साऱ्यांदेखत बोलिले, आणि आत्याबाई परत आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या.

तहाची कलमे त्याच बैठकीत ठरली. ग्रंथालयाची ओरखड्यांची प्रत सर्वश्रेष्ठ, वाढदिवशी तीच लागेल. काळ्या पट्ट्यांस या घरी कायमचे अभय. 'हातआजी' हे नाव रद्द. आणि शर्टाची भरपाई म्हणून नवा शर्ट शिवून द्यावा. आत्याबाईंनी लगेच टेप काढिली आणि बंधूंची छाती मोजिली. चित्रातील शर्टाच्या त्यांस पाठ असलेल्या मापाहून सहा बोटे जास्त भरली, ती जावईबापूंच्या झळाळत्या डबीच्या पाठीवर टिपून घेतली, आणि तो लेख दप्तरी जपून ठेविला आहे.