बिनमाशांची पेटी

आमच्या डॉक्टर करमळकरांच्या घरी बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. चांगली ऐसपैस. तळाला पाताळगंगेची वाळू, कोपऱ्यात दोन शंख आणि हवेची एक नळी, तिच्यातून अखंड बुडबुडे. सगळं होतं, फक्त मासे नव्हते. एकही नाही. कधीच नव्हता.

नवा माणूस आला की आधी समोरून बघायचा, मग बाजूनं, मग शंखांच्या मागं. शेवटी न राहवून विचारायचा, "डॉक्टर, मासे कुठायत?"

"आहेत की. लाजाळू आहेत."

की तो बिचारा पुन्हा वाकला! अर्धी खोपोली त्या पेटीपुढं कंबरेत वाकून गेली असेल.

मी त्यांच्या दवाखान्यात नर्स. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. दवाखाना रस्त्याच्या या अंगाला, डॉक्टरांचं घर त्या अंगाला आणि माझी खोली त्यांच्या भिंतीला लागून. म्हणजे दिवसभर दवाखान्यात बुडबुडे ऐकायचे आणि घरी येऊन पाठ टेकली की भिंतीपलीकडून तेच. माझी आई एकदा राहायला आली, तिनं विचारलं, "काय गं, शेजारी सारखी भजीच तळतात का?"

दवाखान्यातल्या बुडबुड्यांना मात्र काम होतं. दिवस पुरे भरायच्या आधी जन्मलेली बाळं आमच्याकडे यायची. मुठीएवढं तोंड, श्वास घेताना छातीत खड्डा पडायचा आणि प्रत्येक श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज. मोठी यंत्रं मुंबईला. आमच्याकडे काय, तर ऑक्सिजनचं नळकांडं, बारीक नळ्या, सलाइनची रिकामी बाटली आणि डॉक्टर. नाकाशी बसवलेल्या नळ्यांतून हवा बाळाला द्यायची आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं. बुडबुडे येतायत तोवर बाळाच्या छातीत थोडी हवा दाबून राहते. कुठं काहीतरी वाचून डॉक्टरांनी हे जुळवलं होतं आणि बाटलीवर चिकटपट्टीची खूण लावून ठेवली होती. त्या खुणेला कुणी हात लावला की संपलंच.

हे नातेवाइकांना समजवायची त्यांची एक तऱ्हा होती. कोटाच्या खिशात कायम फुगे. बाळाचा बाप आला रे आला की त्याच्या हातात फुगा. "फुगवा." बाप गांगरायचा. बाळ आत कण्हतंय आणि डॉक्टर वाढदिवस करतोय की काय! "पहिल्या फुंकरीला जोर लागतो ना? आता सगळी हवा सोडू नका. थोडी ठेवा. पुन्हा फुगवा. सोपं गेलं? बस्स. बाळाचं तेच करतोय आपण." माणसं गाल चोळत मान डोलवायची.

आणि त्यांचं पालुपद म्हणजे, "दमायच्या आधी, सिस्टर, दमायच्या आधी!" बाळ कण्हायला लागलं की लगेच नळ्या. ते निळं पडायची वाट बघायची नाही. मी मूळची कर्जतची, म्हणून मला मुद्दाम सांगायचे, "तुमच्या कर्जतला गाडीला मागून इंजिन कधी जोडतात? घाट चढायच्या आधी ना? का गाडी मध्येच धापा टाकायला लागल्यावर पळत जातात?"

पण हे खूळ दवाखान्यात राहील तर ते डॉक्टर कसले! बाजारात कोळीण पाटी खाली ठेवायच्या आत हे पाटीला हात लावायचे. "दमायच्या आधी, बाई." ती बाई घाबरून पाटी घट्ट धरायची. वाटायचं, माणूस पापलेट पळवतोय. शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला खालून ओरडून उतरवायचे आणि चहा पाजायचे. तो म्हणायचा, "साहेब, आत्ताच तर चढलो!" त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही केलंत, असं मी एकदा विचारलंच. म्हणाले, "त्या बाबतीत मी दमल्यावर विचार केला, सिस्टर." आणि हसले. मीही हसले. विषय तिथंच राहिला.

त्या उन्हाळ्यात लोधिवलीची सुगंधा आमच्याकडे बाळंत झाली. आठव्याच्या सुरुवातीलाच. मुलगी. तळहातावर मावेल अशी. कण्हणं सुरू झालं तसं डॉक्टरांनी नळ्या लावल्या आणि तिच्या आजीच्या हातात फुगा दिला. भागीआजी. तोंडात दात नाही. तिनं फुगा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ह्ये काय मी करनार नाय. तुमीच फुगवा, मी बगते." डॉक्टरांनी मुकाट फुगवला. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई डॉक्टरांना पुरून उरणार.

मुलगी बुडबुड्यांवर टिकून होती, पण नळ्या काढण्याजोगी झालेली नव्हती. अशात सहावा दिवस, सटीची संध्याकाळ आली. मी औषधं काढायला वळले आणि मागं तेलाचा वास आला. बघते तर काय! आजीनं दुपट्यात गुंडाळून घरून वरवंटा आणलेला. तो बाळाच्या उशाशी मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं आणि शेजारी समई पेटवलेली. ऑक्सिजनच्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर!

मी ओरडले, "डॉक्टर!" आणि समई विझवायला धावले. आजीनं दोन्ही हातांनी ज्योत झाकली.

"हात लावशील तर बग! सटवाई रातच्याला यती, पोरीच्या कपाळावर नशीब लिवून जाती. तिला उजेड नको का? दिवा इझला तं माजी पोर इझंल."

"आजी, ऑक्सिजन भडकला तर सगळेच विझू!"

"मंग तुमचा आक्सिजन लांब न्या."

डॉक्टर दारात येऊन उभे. ऑक्सिजन लांब नेला तर मुलगी अर्ध्या तासात दमली असती. दिवा विझवला तर आजी तिला उचलून घरी नेणार, ते तर ती बोलूनच दाखवत होती. "आमी आत्ताच्या आत्ता नेतो पोरीला, येष्टी हाय आजून." सुगंधा खाटेवर रडत होती. घरी नेलं की काय होणार हे मला दिसत होतं आणि मला आजीचा असा राग आला होता की विचारू नका.

डॉक्टर पुढं झाले. आजीच्या हातांखालून त्यांनी पेटती समई अलगद उचलली आणि खोलीच्या बाहेर नेली. मग तिथून म्हणाले, "आजी, दिवा माझ्या घरी ठेवू. समोरच आहे. विझू देणार नाही, शब्द देतो."

"नि सटवाई तुमच्या घरी यून लिवील कुनाच्या कपाळावर?"

डॉक्टरांनी खरोखर विचार केला. चेष्टा नव्हती ती. म्हणाले, "मी जागा राहतो. आली की पत्ता सांगतो. समोर, वरचा मजला, खिडकीकडचा पाळणा."

आजीनं वरवंटा काखेत मारला. "चला."

"सिस्टर, तुम्ही बाळापाशी," डॉक्टर जिन्यावरून म्हणाले, "मी दिव्यापाशी. काही वाटलं तर खिडकीतून हाक मारा. दमायच्या आधी!"

मी खिडकीतून पाहिलं. पुढं डॉक्टर, कोटाच्या आडोशाला समई धरून मुंगीच्या पावलानं. मागं आजी वरवंटा घेऊन. पानवाला विडी खाली टाकून उभा राहिला. एका टेंपोवाल्यानं इंजिन बंद केलं. कुणीतरी तर हातही जोडले.

पहाटे माझी पाळी संपली. मुलीचं कण्हणं थांबलं होतं, छातीतला खड्डा भरून आला होता. ही बातमी घेऊन मी तडक डॉक्टरांच्या घरी गेले. दार उघडलं आणि भट्टीत पाऊल टाकल्यासारखं झालं. ऐन वैशाखात खिडक्या बंद, पंखा बंद. दिव्याला वारा लागू नये म्हणून! डॉक्टर बनियनवर, घामानं निथळत, समईजवळ मांडी घालून बसलेले. वात सरळ उभी. वरवंट्याजवळ आजी भिंतीला टेकून डोळे मिटून होती. आणि पेटीतले बुडबुडे चालूच.

"मुलगी छान आहे," मी म्हटलं. डॉक्टरांनी नुसते डोळे पुसले. घाम असेल म्हणा.

मला गंमत सुचली. "आली होती का हो सटवाई?"

"आली असेल. दिला पत्ता."

मी हसले आणि सहज पेटीकडे बोट केलं. "एवढं करता, तर दोन मासे का नाही आणत हो यात?"

एरवी 'लाजाळू आहेत' म्हणाले असते. पण रात्रभराचे जागे होते. हळूच म्हणाले, "मासे नकोत, सिस्टर. दवाखान्यातली बाळं बरी होतात, नळ्या निघतात, घरी जातात. मग मी इथं येतो. इथं काहीच आवाज नसतो. हे बुडबुडे चालू असले की घरात कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. एवढंच."

इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मला वाटायचं, विक्षिप्तपणा.

आजीनं डोळे उघडले नाहीत. पण ती झोपलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

मुलगी घरी गेली, तिनं बाळसं धरलं. आणि एका रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दारात अख्खी लोधिवली उतरल्यासारखी माणसं. लाकडी पाळणा, घुगऱ्यांचं पातेलं, बायका, पोरं. डॉक्टर लुंगीवर दार उघडून उभे.

"आजी, हे काय?"

"बारसं. हिचा दिवा हितं जळला, तं नावबी हितंच ठेवायचं."

"अहो, पण माझ्याकडे..."

"तुमीच बोलता ना डाक्टर, दमायच्या आदी? मंग सरका. वाटंत उबं नका राऊ."

पाळणा पेटीच्या शेजारीच बांधला. बायकांनी गाणं सुरू केलं आणि मुलगी जी रडायला लागली! काय तो आवाज! जिला श्वास पुरत नव्हता, तिनं खोली डोक्यावर घेतली. डॉक्टर पाळण्याशी कान लावून ऐकत राहिले.

मग ते उठले, पेटीपाशी गेले आणि बुडबुड्यांच्या पंपाचं बटण बंद केलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच.